चेअरमनांची पुरवणी आणि उसाचं बिल

प्रश्न : ताई, मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्यात दैनिकाचा वार्ताहर आहे. मानधन पेट्रोललाही पुरत नाही. जाहिरातींवर कमिशन मिळतं, त्यावरच घर चालतं. आमच्या भागातल्या साखर कारखान्यानं जानेवारीच्या मध्यानंतर गाळलेल्या उसाचे पैसे अजून दिलेले नाहीत. शेतकरी रोज गाठून विचारतात, ‘पेपरात कधी येणार?’ मी बातमी दोनदा पाठवली. पहिल्यांदा ‘जागा नाही’ म्हणाले. दुसऱ्यांदा आवृत्तीप्रमुखांचा फोन आला, ‘पुढच्या महिन्यात चेअरमनांचा वाढदिवस आहे, चार पानी रंगीत पुरवणी काढायचीय. ती होऊ दे, मग बघू. आणि तुझ्या काकांचा ऊस त्याच कारखान्याला जातो ना? मग तू तटस्थ कसा?’ काकांचं बिल अडकलंय हे खरं आहे. पुरवणीच्या जाहिराती गोळा करायचं टार्गेट माझ्यावरच आहे. आतला मुख्य लेखही मीच लिहायचाय, तो ‘कार्यसम्राट’ वगैरे मथळ्याखाली माझ्या नावानं छापणार आहेत. माझं काय चुकतंय कळत नाही. गप्प बसू? की हे सगळं सोडून स्वतःचं यूट्यूब चॅनल काढू?
– एक तालुका वार्ताहर

तुमच्या पत्रात चार प्रश्न एकमेकांत अडकलेत, तेव्हा एकेक सोडवू. सुरुवात काकांपासून, कारण तुम्हाला तेच सर्वांत जास्त लागलेलं दिसतंय.

‘तुझ्या काकांचा ऊस तिथे जातो’ हा आक्षेप खोटा नाही. तो घ्यायची वेळ मात्र फार सोयीची निवडली आहे. चेअरमनांवर ‘कार्यसम्राट’ लिहा म्हणताना काकांचा ऊस कुणाला आठवला नाही, जाहिरातीचं कमिशनही आठवलं नाही. आणि ऊसपट्ट्यातल्या तालुक्यात असा वार्ताहर आणणार कुठून, ज्याच्या घरातला, भावकीतला, सासरवाडीचा कुणीच कारखान्याचा सभासद नाही? तसा एखादा सापडलाच तर त्याला काटा पावती आणि बिल पट्टी यांतला फरक समजावण्यात हंगाम संपेल.

पत्रकाराच्या मनात कल नसावा ही अपेक्षाच मला मुळात पटत नाही. कल प्रत्येकाला असतो. तुमचा कल काकांकडे आहे, आवृत्तीप्रमुखांचा पुरवणीकडे आहे, आणि माझा, हे पत्र वाचल्यापासून, तुमच्याकडे आहे. म्हणून तटस्थता मनात शोधू नका, कामाच्या पद्धतीत शोधा. तुम्ही कोणते कागद पाहिले, कोणाला विचारलं, कोणता हिशेब कसा केला, हे दुसऱ्या कुणी, अगदी कारखान्याच्या हिशेबनिसानंही, पुन्हा तपासलं तर तेच उत्तर यायला हवं. ते आलं तर तुमचे काका कोण हा प्रश्न उरतच नाही. नाही आलं, तर तुम्ही कितीही अलिप्त असलात तरी बातमी कच्चीच.

त्यामुळे पहिली गोष्ट, काकांचं बिल बातमीत घेऊ नका. पाठवताना वर एक ओळ लिहा, ‘माझे चुलते या कारखान्याचे ऊस उत्पादक आहेत, त्यांची माहिती बातमीत वापरलेली नाही.’ उद्या कुणी हे बाहेर काढण्याआधी तुम्हीच ऑफिसला सांगून ठेवलंत, की त्या मुद्द्यातली धार जाते.

आता बातमीकडे. तुम्ही दोनदा पाठवलेली बातमी मी पाहिलेली नाही, पण अशा बातम्या डेस्कवर भरपूर हाताळल्या आहेत, म्हणून अंदाज बांधते. मथळा ‘ऊस उत्पादक वाऱ्यावर’. आत ‘शेतकऱ्यांमधून तीव्र संताप व्यक्त होत आहे’. खाली दोन शेतकऱ्यांच्या प्रतिक्रिया आणि एका संघटनेचा आंदोलनाचा इशारा. आकडा एकही नाही. अशी बातमी ‘जागा नाही’ म्हणून बाजूला सारणं उपसंपादकाला फार सोपं जातं, कारण ती उद्या लागली काय आणि पुढच्या आठवड्यात लागली काय, काही बिघडत नाही.

ती अशी बांधायला हवी की बाजूला सारताना समोरच्याला कारण शोधावं लागेल. ऊस नियंत्रण आदेश १९६६ सालचा आहे. त्यानुसार ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत एफआरपीचे, म्हणजे केंद्रानं ठरवलेल्या रास्त आणि किफायतशीर दराचे, पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के दरानं व्याज. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्रानं १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) टनामागे ३,५५० रुपये एफआरपी ठरवली. शेतकऱ्याच्या हातात मात्र ३,५५० पडत नाहीत, त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. आपल्याकडे निम्म्या बातम्या इथेच घसरतात. शेतकरी ३,५५० चा आकडा सांगतो, कारखाना वजावटीनंतरचा सांगतो, वार्ताहर दोन्ही छापून मोकळा होतो आणि वाचकाला वाटतं, कुणीतरी एक खोटं बोलतोय. दोघंही खरं बोलत असतात, फक्त वेगवेगळ्या रकमेबद्दल.

वेगवेगळ्या गावांतल्या, शक्यतो वेगवेगळ्या गटांच्या पाच-सहा शेतकऱ्यांच्या वजन पावत्या घ्या. कारखान्याचं गट ऑफिस ज्यांच्यावर मेहेरबान आहे असाही एखादा त्यात असू द्या. प्रत्येक पावतीवरची तारीख बघा, तिच्यात १४ दिवस मिळवा, आजपर्यंत किती दिवस झाले ते मोजा. समजा, एकाचा ५० टन ऊस गेला आणि वजावट जाऊन टनाला २,८०० रुपये निघतात. बिल झालं १ लाख ४० हजार. मुदतीनंतर ७० दिवस उलटले असतील तर १५ टक्क्यांनी व्याज होतं सुमारे ४,०२७ रुपये. हे चार हजार त्याचे हक्काचे आहेत, आणि बहुतेकांना ते मागता येतात हेच माहीत नाही. मला विचाराल तर तुमच्या बातमीचा मथळा इथे आहे. ‘संताप’ रोजच छापून येतो, पण सोसायटीचं कर्ज थकलेल्या माणसाला स्वतःच्या व्याजाचा हिशेब आजवर कोणी करून दाखवलाय?

कारखाना म्हणेल, दुसरा हप्ता हंगाम संपल्यावर देऊ. त्याची तयारी ठेवा. दोन टप्प्यांत पैसे द्यायची मुभा देणारा राज्य सरकारचा फेब्रुवारी २०२२ चा शासन निर्णय मुंबई उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये रद्द केला. त्यानंतरची ताजी स्थिती बातमी पाठवायच्या दिवशी पुन्हा तपासून घ्या, जुन्या कात्रणावर विसंबू नका.

कागद मिळवायचे कुठून? कारखान्याला माहिती अधिकाराचा अर्ज टाकू नका, दिवस वाया जातील. सहकारी संस्था सरसकट माहिती अधिकाराच्या कक्षेत येत नाहीत असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा निकाल आहे. पण साखर आयुक्तालय आणि सोलापूरचं प्रादेशिक सहसंचालकांचं कार्यालय ही सरकारी कार्यालयं आहेत, आणि कारखान्यांनी दिलेल्या व थकवलेल्या एफआरपीचा हिशेब त्यांच्याकडे येतो. तिथे अर्ज करा. त्याआधी नुसतं जाऊन मागून बघा, पुष्कळदा अर्जाशिवायही मिळतो. आणि एकट्या कारखान्याचा मागू नका, जिल्ह्यातल्या सगळ्यांचा मागा.

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. जिल्ह्यातल्या सगळ्या कारखान्यांचा तक्ता झाला की तुमचा कारखाना त्यातली एक ओळ होतो. चेअरमनांना ‘आमच्यावरच का?’ असं म्हणता येत नाही, संपादकांना ‘ही एका गटाची बातमी दिसते’ असं म्हणता येत नाही, आणि ज्यांनी पैसे वेळेवर दिले त्यांचंही नाव येतं, जे येणं न्यायाचंच आहे. मात्र तक्त्याआड लपू नका. तुमच्या कारखान्याची थकबाकी सर्वांत मोठी असेल तर ते पहिल्या परिच्छेदात, कारखान्याच्या नावासकट आलं पाहिजे. ‘तालुक्यातील एका कारखान्याने’ हा शब्दप्रयोग वाचला की मी पुढचं वाचत नाही.

मग कारखान्याची बाजू. चेअरमनांच्या पीएला फोन करून ‘साहेब बैठकीत आहेत’ हे उत्तर मिळवणं म्हणजे बाजू घेणं नव्हे. कार्यकारी संचालकांना लेखी प्रश्न पाठवा, व्हॉट्सॲपवर आणि ई-मेलवरही, आणि उत्तराला दोन दिवस द्या. प्रश्न नेमके हवेत. अमुक पंधरवड्यातल्या गाळपाचे किती पैसे देणं बाकी आहे, कधी देणार, व्याजासह देणार का?

ते जे सांगतील ते नीट ऐका, कारण त्यात तथ्य असू शकतं. केंद्रानं साखरेची किमान विक्री किंमत फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये केली, त्यानंतरच्या बहुतेक वर्षांत एफआरपी वाढत राहिली. साखर गोदामात पडून असते, तिच्यावर बँकेची माल तारण उचल, म्हणजे साखर गहाण ठेवून कर्ज, घेतलेली असते, आणि विकली तरी पैसे आधी बँकेकडे जातात. ही कारखानदारीची खरी अडचण आहे. ती तुमच्या बातमीत एका ओळीत उरकू नका, पूर्ण परिच्छेद द्या. त्याच परिच्छेदात हेही लिहा की याच बाजारात, याच भावानं साखर विकून जिल्ह्यातल्या अमुक कारखान्यांनी बिलं दिली आहेत. तसं असेल तरच, अर्थात. तो तक्ता इथेही उपयोगी पडतो.

‘दोन्ही बाजू’ या मंत्राबद्दलही बोलायला हवं, कारण त्याच्या नावाखाली आपल्याकडे बराच आळस खपतो. एकीकडे सहा पावत्या आणि सरकारी अहवाल, दुसरीकडे ‘हे विरोधकांचं षड्‌यंत्र आहे’ असं एक वाक्य. दोन्हींना सारखी जागा दिली म्हणजे समतोल झाला, असं मानायची रीत पडली आहे. टीव्हीवर तर त्याचीच दुकानं चालतात. चार चौकटींत चार माणसं ओरडत असली की वाहिनीला एकाही कागदाला हात लावावा लागत नाही. एका बाजूकडे कागद आणि दुसरीकडे नुसतं वाक्य असेल, तर बातमीचं वजन कागदाकडे झुकणं हा पक्षपात नाही.

कागदही पारखून घ्यायचा असतो. टिळक-आगरकरांचं कोल्हापूर प्रकरण तुम्ही शाळेत वाचलं असेल, पण बहुधा अभिमानाचा धडा म्हणून. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा छळ होतोय या सद्हेतूनं त्यांनी दिवाण माधवराव बर्वे यांच्याविरुद्ध लिहिलं. ज्या पत्रांचा आधार घेतला ती बनावट निघाली. माफी मागूनही १८८२ साली दोघांना शिक्षा झाली, डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. ‘केसरी’ सुरू होऊन तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. हेतूबद्दल शंका घ्यावी अशी ती माणसं नव्हती, तरी ते कागद त्यांच्यावर उलटले. तुमच्या तालुक्यातही विरोधी पॅनेलचा कुणीतरी ‘हा घ्या आतला कागद’ म्हणत येईलच, विशेषतः कारखान्याची निवडणूक जवळ असेल तर. घ्या, चहाही पाजा, पण मूळ कागद दुसऱ्या ठिकाणी पडताळल्याशिवाय त्यातली एक ओळ वापरू नका. बदनामीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या ३५६ कलमात आहे, तुरुंगवासाची तरतूद अजून आहे.

आता पुरवणीचं.

जाहिरातीचा मला राग नाही, हे आधी सांगते, कारण या विषयावर लिहिणाऱ्यांना तो येतोच असं लोक धरून चालतात. पाच-सहा रुपयांत जो अंक वाचकाच्या दारात पडतो, त्याचा खर्च त्या पाच-सहा रुपयांत भागत नाही. कागद, शाई, छपाई, टेम्पो, एजंटाचं कमिशन, आणि उरलं तर पगार. ही तफावत जाहिराती भरून काढतात. बॉयलर अग्निप्रदीपनाची जाहिरात, मोळीपूजनाची जाहिरात, वार्षिक सभेची नोटीस, पंधरा ऑगस्टच्या शुभेच्छा, यांत वावगं काही नाही. चेअरमनांच्या वाढदिवसाला त्यांच्या चाहत्यांनी पैसे भरून फोटो छापले तरी वाचक फसत नाही. ‘शुभेच्छुक’ म्हणून चाळीस नावं दिसली की तो काय ते समजतो आणि पान उलटतो.

जाहिरात बातमीचे कपडे घालून येते तेव्हा वाचक फसतो. याचं सर्वांत ढळढळीत उदाहरण महाराष्ट्रानंच देशाला दिलं. २००९ ची विधानसभा निवडणूक. उमेदवारांना तेव्हा अनेक ठिकाणी ‘पॅकेज’ विकली गेली. इतक्या पैशांत इतक्या बातम्या, सभेचं वृत्त, मुलाखत, जास्त पैसे भरले तर विरोधकाची बातमीच येणार नाही. पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मधून ते चव्हाट्यावर आणलं. तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्यावर पानंच्या पानं छापून आली होती. त्यातला काही मजकूर तर एकमेकांच्या कट्टर स्पर्धक दैनिकांत शब्दशः सारखा होता. एका दैनिकाचा विशेष प्रतिनिधी आणि दुसऱ्याचा विशेष प्रतिनिधी स्वल्पविरामासकट एकच वाक्य लिहितात, असा तो चमत्कार. चव्हाणांनी निवडणूक खर्चात वृत्तपत्रीय जाहिरातींपोटी दाखवलेली रक्कम होती ५,३७९ रुपये.

पुढे काय झालं तेही पूर्ण सांगायला हवं, अर्धं सांगितलं तर मीच तुम्हाला सांगितलेल्या पद्धतीबाहेर जाईन. प्रकरण निवडणूक आयोगाकडे गेलं. खर्चाचा तपशील खरा की खोटा हे तपासायचा आयोगाला अधिकार आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं मे २०१४ मध्ये सांगितलं. जुलैत आयोगानं चव्हाणांचा हिशेब रीतसर नाही असं ठरवलं, आणि सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं आयोगाचा तो आदेश रद्द केला. उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना मात्र अशाच प्रकरणात २०११ साली आयोगानं अपात्र ठरवलं. आता निवडणुकीत जिल्हा पातळीवर माध्यम देखरेख समिती असते, पेड न्यूज ठरली तर तिचा खर्च उमेदवाराच्या खात्यात धरला जातो.

या सगळ्यात उमेदवाराची चौकशी झाली. ज्यांनी जागा विकली त्यांचं काय? वृत्तपत्रांच्या वागणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलनं परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची उपसमिती नेमली. त्यांनी नावानिशी अहवाल दिला. २०१० साली कौन्सिलनं छापला तो नावं गाळलेला, आटोपशीर मसुदा. मूळ अहवाल केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर, २०११ मध्ये लोकांसमोर आला. तेव्हा कौन्सिलकडे तक्रार करायचा विचार तुमच्या मनात आला असेल तर करा, पण त्यावर भरवसा ठेवून पावलं टाकू नका. ती समज देऊ शकते, निषेध करू शकते, त्यापलीकडे तिच्या हाती काही नाही.

तालुक्यात हे घडतं तेव्हा ते बटबटीत दिसतं, म्हणून आपण तालुक्याला हसतो. वर हेच सुटाबुटात होतं. मोठ्या माध्यमसमूहांनी कंपन्यांचे शेअर घेऊन त्या बदल्यात जाहिरातीची जागा देण्याचे करार केले, त्यावर शेअर बाजाराची नियामक संस्था ‘सेबी’ला २०१० मध्ये सांगावं लागलं की ज्या कंपनीत तुमचा हिस्सा आहे तिची बातमी देताना तो हिस्सा जाहीर करा. म्हणजे तुम्ही काकांबद्दल जी ओळ लिहावी असं मी म्हणते आहे, तीच. आणि सरकारी जाहिरातींचा दाब तर कुठल्याही चेअरमनपेक्षा मोठा. शासनाच्या जाहिरात यादीवर असलेलं छोटं जिल्हा दैनिक मंत्र्यांविरुद्ध बातमी लावताना किती वेळा विचार करतं, हे त्याच्या मालकालाच विचारा. बातमी दाबा असा फोन कुणीच करत नाही. जाहिरात येणं फक्त थांबतं.

तर, तुमच्या नावानं छापायचा तो ‘कार्यसम्राट’. याला नाही म्हणा. पण नाही म्हणताना भाषण देऊ नका, त्यानं आवृत्तीप्रमुख दुखावतील आणि तुमचं काम आणखी अवघड होईल. त्यांनाही वरून टार्गेट आहे, तेही कुणाच्या तरी फोनला बांधलेत. त्यांना तुमच्या नावाचं प्रेम नाही, पुरवणीच्या रकमेचं आहे. म्हणून असं सांगा, ‘सर, मजकूर कारखान्याकडूनच तयार घेऊ, त्यांना हवा तसा. वर “जाहिरात पुरवणी” असं टाकू. माझं नाव नको, कारण उद्या मी कारखान्याची कुठलीही बातमी दिली, चांगली दिली तरी, लोक म्हणतील पैसे घेऊन लिहिली.’ यातलं शेवटचं वाक्य त्यांना पटण्याची शक्यता सर्वांत जास्त, कारण ते त्यांच्याही फायद्याचं आहे.

‘जाहिरात पुरवणी’ हे शब्द मास्टहेडजवळ, म्हणजे वरच्या नावाच्या पट्टीजवळ, वाचता येतील अशा आकारात हवेत. तळाला, डोळे फाडून वाचावे लागतील असे टाकतात, ती पळवाट आहे. जाहिरात बातमीपासून स्पष्ट वेगळी ओळखता आली पाहिजे, हे प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेतही आहे. ते वाक्य मोबाइलमध्ये ठेवा, गरज पडली तर दाखवा.

नाव छापलंच तर? फोन करून भांडू नका. त्याच दिवशी ऑफिसला दोन ओळींचा मेल करा की हा मजकूर मी लिहिलेला नाही आणि माझं नाव माझ्या संमतीविना छापलं आहे. मेल जपून ठेवा. तो कुठे पाठवायचा, कुठे नाही, हे नंतर ठरवता येईल.

बातमी आधी की पुरवणी आधी, हा वाद घालू नका. बातमी नेमकी वाढदिवसाच्या सकाळी लागावी असा प्रयत्न तर मुळीच करू नका. त्यात मजा आहे हे मी नाकारत नाही, पण मग ती सूडाची बातमी होते आणि तुमचा सगळा हिशेब त्याखाली गाडला जातो. आयुक्तालयाचा अहवाल आला, वसुलीसाठी आरआरसी (महसुली वसुलीचा दाखला) निघाली, जिल्हाधिकाऱ्यांकडे गेली, असं काही घडलं की त्या दिवशी बातमी आपोआप ताजी होते. तिच्यासाठी तुमची फाईल तयार हवी. इतर दैनिकं तेव्हा सरकारी पत्रक छापतील, तुमच्याकडे पावत्या, तारखा आणि व्याज असेल. मग आवृत्तीप्रमुखांना ‘मग बघू’ म्हणणं परवडणार नाही, कारण दुसऱ्यांकडे लागलेली आणि आपल्याकडे सुटलेली बातमी ही त्यांच्या सकाळच्या बैठकीत सर्वांत महाग पडते.

इतकं करूनही नाही लागली तर? शक्य आहे. तसं झालं तर तीच फाईल जिल्हा कचेरीतल्या मुख्य वार्ताहराला द्या, तुमचं नाव न घालता. तुमच्यापेक्षा त्याचा जाहिरातीशी संबंध कमी असतो. बातमी त्याच्या नावानं गेली तर जाऊ द्या.

यूट्यूबबद्दल थोडक्यात. काढायचं तर काढा, पण दाबातून सुटका म्हणून काढू नका. तुमच्याच तालुक्यात किती चॅनल आहेत ते मोजा, आणि त्यांतल्या कितींच्या व्हिडिओखाली एखाद्या ज्वेलर्सची, एखाद्या पतसंस्थेची किंवा ‘भाऊ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कुणाची पट्टी सरकते ते बघा. तिथे जाहिरात मागायलाही तुम्हीच आणि नोटीस आली तर वकील करायलाही तुम्हीच. शिवाय प्रेक्षक वाढवायचा दाब वेगळा. व्याजाच्या हिशेबाला शंभर व्ह्यू, आणि चेअरमनांच्या गाडीवर चप्पल फेकली की लाख.

तालुक्यातला पत्रकार एकटा असतो, याची आठवण वेगळ्या कारणानंही ठेवा. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांचा फेब्रुवारी २०२३ मध्ये गाडीखाली चिरडून जीव गेला. तिथल्या प्रस्तावित रिफायनरीच्या वादातल्या एका माणसाबद्दल त्यांनी लिहिलं होतं, त्याच माणसाला खुनाच्या आरोपाखाली अटक झाली. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा आहे, पण तो हल्ल्यानंतर कामाला येतो. तुमच्या कारखान्यावरून असं काही होईल असं मला म्हणायचं नाही. एवढंच की फाईलची एक प्रत तालुक्याबाहेर कुणाकडे तरी ठेवा, आणि धमकीचा फोन आला तर तो हसण्यावारी न नेता तारीख-वेळेसह लिहून ठेवा.

राहिलं कमिशन. तुम्ही ते विचारलं नाहीत, पण ‘घर त्यावरच चालतं’ हे वाक्य पत्राच्या सुरुवातीलाच आहे, म्हणजे खरी अडचण तीच. एकाच माणसानं सकाळी बातमी मागायची आणि दुपारी त्याच दारात जाहिरात मागायची, ही व्यवस्था तुम्ही केलेली नाही. पगार वाचवण्यासाठी ती वृत्तपत्रांनी केली, आणि तिचा दोष वार्ताहराच्या नीतिमत्तेवर ढकलला. त्यामुळे ज्वेलर्सची, शाळेची, ट्रॅक्टर शोरूमची जाहिरात आणून त्यावर कमिशन घ्यायला लाजू नका. फक्त या कारखान्याचं खातं, निदान बातमी लागेपर्यंत, जिल्ह्याच्या जाहिरात विभागाकडे द्या. ‘सर, एवढ्या एका खात्याला दुसरं माणूस पाठवा’ म्हणा. ते तयार झाले नाहीत तर यंदाच्या पुरवणीत शुभेच्छुकांच्या जाहिराती तुम्ही गोळा करा, पण कारखान्याची स्वतःची जाहिरात आणि तिचं कमिशन सोडा. रक्कम छोटी नसणार, याची मला कल्पना आहे. घरी हे आधी बोलून घ्या, पुरवणी छापून आल्यावर नको.

आणि काकांना सांगून ठेवा की बातमी लागली तरी त्यात त्यांचं नाव नसेल, फोटोही नसेल. त्यांना ते आवडणार नाही.